भाव आणि मोल

चाळीस रुपयांचा शेअर स्वस्त व दोनशे रुपयांचा महाग, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनही पुष्कळ आढळते. भाव व मोल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकत्र कुटुंबात पैसा एकाच्या हातून गुंतवला जातो. परंतु त्यात वडिलांचे निवृत्तिवेतन असते, तसाच मुलांच्या शिक्षणाचा वाटाही असतो. म्हणून हा भेद घरातील सर्वांनीच समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

उदाहरणार्थ, एका कंपनीच्या शेअरचा भाव २०० रुपये असून तिचा दर शेअरमागे वार्षिक निव्वळ नफा १० रुपये आहे, असे समजू. भावास नफ्याने भागले असता २० येतात. यास किंमत-उत्पन्न गुणोत्तर म्हणतात. नफा तेवढाच राहिला, तर वीस वर्षांच्या नफ्याइतकी रक्कम आपण आजच मोजून देत असतो. दुसऱ्या कंपनीचा भाव ४० रुपये, पण नफा अवघा १ रुपया असेल, तर तिचे गुणोत्तर ४०. म्हणजे हाच शेअर दुपटीने महाग ठरला!

तथापि लहान गुणोत्तर म्हणजे चांगला सौदा, असेही नव्हे. पोलादासारख्या धंद्यात तेजीच्या वर्षी नफा फुगतो व गुणोत्तर लहान दिसते. पुढे मंदी आली की तोच शेअर महाग पडतो. यासाठी पुस्तकी मूल्यही पाहावे. कंपनीच्या मालमत्तेतून देणे वजा करून दर शेअरमागे जे उरते, ते पुस्तकी मूल्य. भाव त्याच्या किती पट आहे, हे दुसरे माप होय. या दोन्ही मापांचा गुणाकार साडेबावीसच्या आत असावा, असे बेंजामिन ग्रॅहॅम या अमेरिकन अर्थपंडिताने सावध गुंतवणूकदारास सुचवले आहे.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत निव्वळ मालमत्ता मूल्य पाहावयाचे असते. फंडाजवळील रोख्यांच्या त्या दिवशीच्या बाजारकिमतीतून देणे व खर्च वजा करून बाकीस युनिटांच्या संख्येने भागले की ते मिळते. नव्या फंडाचे युनिट १० रुपयांस मिळते म्हणून ते स्वस्त नव्हे. जुन्या फंडाचे युनिट ५०० रुपयांचे असले, तरी दोहोंजवळ तेच शेअर त्याच प्रमाणात असतील, तर शंभर रुपयांवरील वाढ दोहींकडे जवळजवळ सारखीच होईल.

या मूल्याकडे पाठ फिरवल्याचा परिणाम ‘यूएस-६४’ने दाखवला. युनिट ट्रस्टची ही योजना १९६४ साली निघाली व असंख्य मध्यमवर्गीय घरांनी तीत विश्वासाने पुंजी ठेवली. तिचे खरेदी-विक्रीचे भाव ट्रस्टच ठरवीत असे. मालमत्तेच्या मूल्याशी त्यांची सांगड नव्हती. जुलै २००१ मध्ये हे व्यवहार सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आले. जानेवारी २००२ मध्ये भाव मूल्याशी जोडले गेले, तेव्हा दहा रुपये दर्शनी किमतीच्या युनिटचे मूल्य सहा रुपयांहूनही कमी निघाले. लहान युनिटधारकांच्या पाठीशी अखेर सरकारास उभे राहावे लागले.

तेव्हा आमची सूचना एवढीच, की शेअर घेण्यापूर्वी त्याचा नफा व पुस्तकी मूल्य आणि फंड घेण्यापूर्वी त्याजवळ कोणते रोखे आहेत, हे घरच्या हिशेबवहीत लिहून सर्वांस दाखवावे. ज्याचे कारण वहीत लिहिता येत नाही, तो सौदा त्या दिवशी तरी करू नये.