पिल्लू मान टाकतं तेव्हा आधी ऊब, मग दवाखाना

आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिल्लं विकायला येतात. लेकरं हट्ट धरतात, आपण घेतो. दोन-तीन दिवसांत पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात बसतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं मर आली. पण कारणाशिवाय काहीच घडत नाही. पिल्लाच्या मरणालाही कारण असतं, आणि पुष्कळदा ते आपल्या हातातलं असतं.

ही पिल्लं बहुधा अंड्यांच्या जातीचे नर असतात. ते अंडी देणार नाहीत, म्हणून हॅचरीतून स्वस्तात बाहेर पडतात. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. खुडूक कोंबडीच्या पंखाखालची ऊब त्यांना कधी मिळालेलीच नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि पिसं फुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, ते स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. आपल्या पत्र्याच्या घरात डिसेंबरच्या रात्री ते गारठतं आणि मे महिन्याच्या दुपारी भाजून निघतं.

म्हणून पिल्लू मलूल दिसलं की आधी ऊब द्या. खोक्यात कोरडा भुसा किंवा गोणपाट घालून एका बाजूला वर ४० वॅटचा पिवळा बल्ब टांगा. दुसरी बाजू मोकळी ठेवा. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून लांब पळत असतील तर उष्णता जास्त झाली. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून त्यात चोच बुडवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा आणि अंग लगेच कोरडं करा.

ऊब आणि पाणी देऊनही फरक पडला नाही, तर रोगाचा विचार करा. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली तर बहुधा ओल्या भुशातून होणारा कॉक्सिडिओसिस असतो. वेळेत औषध मिळालं तर पिल्लू वाचतं. धाप, हिरवी हगवण, लुळे पाय आणि वाकडी मान दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत समजा. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. आजारी पिल्लू वेगळं ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा.

घरात उरलेली माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायची पद्धत आता बंद झाली पाहिजे. पन्नास किलोच्या माणसाची मात्रा चाळीस ग्रॅमच्या जिवाला कशी झेपेल? विषाणूच्या रोगावर ती चालतही नाही. उलट अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे आपल्याच लेकराच्या तापाला ती गोळी लागू पडत नाही.

खरा प्रश्न लसीचा आहे. राणीखेतची लस पुण्यातच, औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब आणि दोन महिन्यांनी टोचणी, एवढंच काम. पण एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि उघडल्यावर ती दोन-तीन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून पंधरा-वीस घरांनी एकत्र यावं. बचत गटाच्या बायांनी वस्तीतल्या पिल्लांची मोजदाद करावी आणि दवाखान्याकडे लेखी मागणी करावी. दवाखाना फक्त मळेवाल्यांच्या गाई-म्हशींसाठी नाही. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कोंबड्या सोबत नेल्या तर फडावर गावोगावच्या कोंबड्यांत मिसळतात, मागे ठेवल्या तर म्हाताऱ्यांच्या जिवावर राहतात. निघण्याआधी किमान पंधरा दिवस लस झालेली असावी.

आणि एकदम अनेक पक्षी मेले तर लपवू नका. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा इथे शेकडो कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, आणि त्याच सुमारास बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला. अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कापून खाऊ नका, नाल्यात टाकू नका. लगेच दवाखान्याला कळवा. सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवण्यात तोटा आपलाच.

पिल्लाला हात लावल्यावर लेकरांचे हात साबणाने धुवा, पिल्लाचे मुके घेऊ देऊ नका. त्यांच्या विष्ठेतल्या जंतूंनी माणसालाही हगवण लागते.

दोन-चार कोंबड्यांच्या अंड्यांवर आपल्या कित्येक बाया वही-पेन्सिलीचा खर्च भागवतात. ते पैसे वाचवायचे असतील तर उतारा टाकणं सोडा आणि या महिन्यात लसीचा अर्ज करा. अर्जावर वस्तीतल्या सगळ्या घरांच्या सह्या असू द्या.