ऑक्सिजनचा आकडा आणि हृदयाचा हिशेब

अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ऑक्सिजन किती आहे?’ करोनाकाळाने हा आकडा घरोघरी पोहोचवला. प्रश्न रास्तच आहे. मात्र व्हेंटिलेटरवरील रुग्णात तो आकडा चढत असताना शरीराला मिळणारा ऑक्सिजन कमी होत असू शकतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, कारण कोणतेही असो. फुफ्फुसाला तीव्र इजा झाली की वायुकोशांत पाणी झिरपते आणि ते मिटू लागतात. अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये अशा १२ रुग्णांचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये केले. श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब राखला तर ऑक्सिजन सुधारतो, हे त्यांना तेव्हाच दिसले होते. या दाबाला डॉक्टर ‘पीप’ म्हणतात. तो सेंटिमीटर पाण्यात मोजतात. साधारण ५ पासून सुरुवात होते, आजार तीव्र असेल तर १५ किंवा त्याहूनही वर जावे लागते.

अडचण अशी, की हृदयही त्याच पिंजऱ्यात बसलेले आहे. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि शरीरातले रक्त हृदयाकडे ओढले जाते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे गणित उलटते. परतणारे रक्त अडते. फुगलेल्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या दबतात आणि उजव्या जवनिकेला जास्त जोर लावावा लागतो. ती थकून फुगली की मधला पडदा डावीकडे सरकतो, डावी बाजू नीट भरत नाही, रक्तदाब घसरतो. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या रुग्णात हे मिनिटांत घडते.

समजा, दाब वाढवल्यावर ऑक्सिजनचे प्रमाण ८८ वरून ९६ टक्के झाले. पण हृदयातून मिनिटाला ५ लिटरऐवजी ४ लिटरच रक्त बाहेर पडू लागले. गुणाकार केला तर अवयवांपर्यंतचा ऑक्सिजन सुमारे १३ टक्क्यांनी घटलेला असतो. पडद्यावर मात्र सुधारणा दिसते!

म्हणून पीप नकोच, असे कोणी म्हणू नये. दाब फार कमी असला तर वायुकोश मिटतात, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उजव्या हृदयावर तोच भार येतो. योग्य जागा मधे कुठेतरी असते, आणि ती प्रत्येक रुग्णात वेगळी. फुफ्फुस शक्य तितके उघडावे, हा विचार एकेकाळी फार आकर्षक होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्राझीलमधून चालवलेल्या १,०१० रुग्णांच्या चाचणीत तो तपासला गेला. काही काळ खूप जास्त दाब देऊन फुफ्फुस उघडायचे आणि मग चढा पीप ठेवायचा, या पद्धतीत २८ दिवसांत ५५ टक्के रुग्ण दगावले. बेताच्या पीपमध्ये ४९ टक्के. पहिल्या तासातच रक्तदाब खालावण्याचे प्रमाणही पहिल्या गटात जास्त होते.

करोनाच्या साथीत जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर आले, ते बरेच झाले. पण बटण फिरवल्यावर पुढची पंधरा मिनिटे रुग्णाकडे पाहणारा माणूस त्या खोक्यातून येत नाही. रक्तदाब, लघवीचे प्रमाण, हातपाय गार पडणे, रक्तातले लॅक्टेट, आणि जमल्यास खाटेपाशी इको : एवढ्यावरून हृदयाला दाब सोसतो आहे का, ते बहुतेकदा कळते. त्यासाठी रात्रपाळीत एका परिचारिकेकडे सहा-सात गंभीर रुग्ण असून चालणार नाही, आणि इकोयंत्र दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद असूनही नाही. सरकारी खरेदीत यंत्रांबरोबर या दोन गोष्टींची तरतूद व्हायला हवी.

नातेवाइकांनीही ऑक्सिजनच्या जोडीला आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत : आज लघवी किती झाली, आणि रक्तदाब टिकवण्याचे औषध कालच्यापेक्षा वाढवावे लागले का?