पितळी रेलिंगचा सोस

शनिवार-रविवार आसनगावहून लोकल पकडायची नसते, म्हणून शहापुरात बसून जहाजांची मॉडेलं करायला वेळ मिळतो. आजचा विषय त्यातलाच.

महायुद्धातली विनाशिका करायची म्हटली की आपल्या मंडळींचा क्रम ठरलेला. अमेरिकन 'फ्लेचर'चा डबा घ्यायचा, वर पितळी रेलिंगचा महागडा सेट मागवायचा आणि याला 'सुधारणा' म्हणायचं. मला हे साफ चूक वाटतं.

साधा हिशोब करा. १:७०० मध्ये मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे जहाजावर ७० सेंमी. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी, म्हणजे तिथे जवळजवळ ५ सेंमी जाडीचा पाइप! तुमचं रेलिंग केसाहून फार बारीक आहे का? मग जहाज खरं कसं दिसणार? वायरींसाठी डब्यातलाच स्प्रू मेणबत्तीवर तापवून ताणा. फुकट.

खरी सुधारणा आकाराची. आणि त्याआधी कुठलं जहाज, कुठल्या सालचं, हे ठरवण्याची.

महायुद्धात लढलेली विनाशिका आपल्या नौदलातही होती की! १९४२ साली स्कॉटलंडात क्लाइडबँकला पाण्यात उतरलेली 'रॉदरहॅम' १९४९ मध्ये 'राजपूत' झाली. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमसमोर डेप्थ चार्ज टाकले ते तिने. 'गाझी' त्यानेच बुडाली की आतल्या स्फोटाने, हा वाद अजून चालू आहे. पण जुन्या जहाजावर ड्यूटी करणारी माणसं आपली होती, यात वाद नाही.

टामियाचा १:७०० 'ओ क्लास' घ्या. तिची जवळची नातलग. खरी 'ओ क्लास' १०५ मीटर, राजपूत १०९. म्हणजे मॉडेल ६ मिमी आखूड. मधोमध कापा, प्लॅस्टिक शीट घाला, जोड घासा. चार तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या मूळच्या. नंतर काय बदललं ते १९७१ च्या आसपासचे फोटो बघून ठरवा. डब्यावर 'राजपूत' छापलेलं नाही? नसू दे.

'विक्रांत' २०१४ साली दारुखान्यात तोडली, तिचं पोलाद बाईकमध्ये गेलं, तेव्हा आपण हळहळलो. 'राजपूत' १९७६ मध्येच निवृत्त होऊन भंगारात गेली, तिच्यासाठी कोणी हळहळलंही नाही. 'फ्लेचर'ला जपणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत, काही तर खऱ्याच तिथे म्युझियम म्हणून उभ्या आहेत. आपलीला निदान १५.६ सेंमी जागा तरी द्या.