बंदुकीचा परवाना : नियमात आहे, हातात नाही

अत्याचाराची मोठी घटना घडली की आपल्या तरुणांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : "ॲट्रॉसिटी कायद्याने आपल्याला बंदुकीचा परवाना मिळतो, सर्वांनी अर्ज करा." मेसेजमागचा संताप खरा आहे. पण त्यातली माहिती अर्धीच आहे, आणि अर्ध्या माहितीवर कार्यकर्ता फसतो. म्हणून कायदा नेमके काय म्हणतो ते आधी पाहू.

आपल्या संविधानात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. उलट कलम १९ सभा-मेळाव्याचे स्वातंत्र्य देते ते "शांततेने व विनाशस्त्र" या अटीवर. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांचा प्रश्न हाती घेताना हेच स्पष्ट केले की अमेरिकेसारखा हा हक्क भारतात नाही. इथे बंदूक मिळते ती शस्त्र अधिनियम, १९५९ खाली, परवान्यावर. रायगडात तो परवाना अलिबागचे जिल्हादंडाधिकारी देतात. पनवेल-उरणकडचा जो भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो, तिथे पोलीस आयुक्त देतात.

मग मेसेजमधली गोष्ट कुठून आली? ती आली अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतून. नियम ३ मध्ये राज्य सरकारने करायच्या प्रतिबंधक उपायांची यादी आहे. त्यातले तीन उपाय शस्त्रांबद्दल आहेत. एक, अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेल्या भागात, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करणे. दोन, बेकायदा बंदुका जप्त करणे आणि त्या बनवण्यास बंदी करणे. तीन, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने देणे.

मेसेज फक्त तिसरा उपाय सांगतो, आणि त्यातलेही "आवश्यक वाटल्यास" हे दोन शब्द गाळतो. सगळी मेख या दोन शब्दांत आहे. आवश्यक कोणाला वाटले पाहिजे? ज्याच्या वस्तीवर दगड पडले त्याला नव्हे, तर शासनाला.

शस्त्र अधिनियम स्वतः वाचला तर तो एवढा कंजूष नाही. कलम १३ प्रमाणे पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यायचा आहे. कलम १४ तर सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि त्याविरुद्ध अपील करता येते. पण त्याच कलम १४ मध्ये सार्वजनिक शांततेसाठी परवाना नाकारण्याची मुभाही आहे. कलम ९ आणखी पुढे जाते : शांतता राखण्याच्या बंधपत्राचा आदेश ज्याच्यावर झाला, त्याला त्या मुदतीत परवाना मिळू शकत नाही. गावात तंटा झाला की दोन्ही बाजूंच्या पोरांवर "चॅप्टर केस" कशी होते हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. मार खाल्लेला तरुणच अपात्र ठरतो.

आणि परवाना मिळालाच तरी बंदूक घेऊन हिंडता येते असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागला की बंदूक सोडा, काठी घेऊन फिरणेही गुन्हा होतो.

जिथे शस्त्राचा हक्क खुद्द राज्यघटनेत आहे, तिथे तरी काय झाले? अमेरिकेत घटकराज्यांना स्वतःच्या घटना आहेत. अलाबामाच्या घटनेने प्रत्येक नागरिकाला स्वतःच्या बचावासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला होता. जानेवारी १९५६ मध्ये त्याच राज्यातल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारण्यात आला. घटनेतला हक्क सर्वांचा होता, परवाना मात्र गोऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा भरलेली बंदूक घेऊन फिरण्यावरच कायद्याने बंदी आली. तोवर कायदेशीर असलेली गोष्ट काळ्या हातात दिसताच धोकादायक ठरली.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास याहून वेगळे सांगत नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. सरकारला हवे तेव्हा ज्यांच्या हाती बंदूक दिली, त्यांच्याच हातून ती एका धोरणाने काढून घेतली गेली. पुढे २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला. जमलेल्यांत लष्करातून आलेले अनेक जण होते, प्रतिहल्ला करण्याची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हल्लेखोरांवर खटला चालला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

याचा अर्थ मार खात राहा असा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याने परवान्यासाठी जरूर अर्ज करावा. नकार आला तर कारण लेखी मागावे, अपील करावे. पण घरोघरी बंदूक हा आपला कार्यक्रम होऊ शकत नाही. भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. आणि व्यवहार पाहिला तरी, शस्त्रांच्या शर्यतीत पैसा, जमीन आणि ठाण्यातली ओळख ज्याच्याकडे, तोच पुढे राहणार.

म्हणून आमचे म्हणणे असे की आपला जोर पहिल्या दोन उपायांवर हवा. आपल्या हाती बंदूक द्या, यापेक्षा आपल्यावर रोखलेली बंदूक काढून घ्या, ही मागणी पंचशीलाशी सुसंगत आहे आणि कायद्यातही जास्त पक्की आहे. बेकायदा शस्त्रे जप्त करण्याच्या उपायाला तर "आवश्यक वाटल्यास" ही पळवाटच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या बेवारस बोटीत तीन एके-४७ सापडल्या, तेव्हा जिल्हाभर नाकाबंदी झाली. शासनाने मनावर घेतले की शोध घेता येतो.

काम सोपे आहे, चिकाटीचे आहे. माहिती अधिकारात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना विचारा : नियम ३ खाली जिल्ह्यातला कोणता भाग अत्याचारप्रवण ठरवला आहे? किती परवाने रद्द केले, किती बेकायदा शस्त्रे जप्त केली, आपल्या लोकांचे किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले? नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा व्हायला हवी. तिची इतिवृत्ते मागा आणि मिळालेली उत्तरे त्याच समितीपुढे ठेवा. शासनाला "आवश्यक वाटले नाही" असेल, तर ते का वाटले नाही हे त्याला सहीनिशी लिहायला लावा. तालुक्यातून एक अर्ज गेला तरी सुरुवात झाली. पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर त्याच्याखाली या अर्जाचा नमुना टाका.

जय भीम!