शपथेनंतरचा तास

विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन सुट्टीतच निघून जातो आणि २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन पुस्तकवाटपाच्या गडबडीत सापडतो. उरतो तो २ ऑक्टोबरपासूनचा व्यसनमुक्ती सप्ताह. मुलं रांगेत उभी राहतात, हात पुढे करतात, शपथ होते, फोटो निघतो आणि गणिताचा तास सुरू होतो.

मला त्या शपथेनंतरच्या तासाबद्दल बोलायचं आहे, कारण तो तास होतच नाही.

भिंतीवरच्या चित्रात फुली मारलेली सिगारेट असते. २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे, मळून खाणारे, मिश्री लावणारे असे सारे मिळून २४.४ टक्के. आमच्या नांदगाव पेठेकडे मूल सिगारेट क्वचित बघतं, खर्रा रोज बघतं. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन घोटण्याचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. 'जाय रे, माह्यासाठी एक खर्रा घेऊन ये' हे त्याला घरातूनच सांगितलं जातं. अशा मुलासमोर सिगारेटचं चित्र टांगलं, तर ही गोष्ट दुसऱ्या कुणाबद्दल आहे असंच त्याला वाटणार.

त्याऐवजी वर्गात एक साधं काम करता येईल. प्रत्येकाने आपली तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालून पाहायची. मुलांची सहज जातात. मग म्हणायचं, आज घरी आजोबांना, काकांना हेच करायला सांगा. वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्याचं तोंड आतून ताठरत जातं, उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे अनेक शिकलेल्या पालकांना माहीत नसतं.

नुसतं भाषण पुरत नाही, हे अमेरिकेने मोठी किंमत मोजून पाहिलं. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी वर्गात जाऊन नशेविरुद्ध धडे देण्याचा 'डेअर' कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. नंतरच्या अभ्यासांत मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसला नाही. अखेर अभ्यासक्रम बदलावा लागला. मुलाला अडतं ते निराळ्याच ठिकाणी. 'घे ना बे, एकदा खाल्ल्यानं का होते?' असं जिवलग दोस्त म्हणतो, तेव्हा मैत्री न तोडता नाही कसं म्हणायचं? त्याचा सराव लागतो. दोघांना उभं करून तो प्रसंग वर्गात करून घ्यावा लागतो, एकदा नव्हे, वर्षभर. भांडणाचंही तसंच. 'शाळा सुटल्यावर बाहेर ये' असं कुणी म्हटलं, तर त्या क्षणी काय करायचं, हे मुलाला कुणीच शिकवलेलं नसतं. मुंबईच्या महापालिका शाळांत २००८पासून 'जेम्स' नावाच्या उपक्रमात सहावी-सातवीच्या मुलामुलींशी मारहाण, छेडछाड, बाईमाणसाचं घरातलं स्थान यांवर खेळांतून, चर्चेतून बोलणं झालं. असं आपल्याच राज्यात झालेलं आहे.

आणि वऱ्हाडाला तर यासाठी मुंबईपर्यंतही जायला नको. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असायची. बाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता माणूस स्वतःच्याच घरात जाऊन पोहोचायचा. शेंडगावच्या या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण द्यायची रीत त्यांनी मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. दारूने बाप गेलेलं ते पोर होतं, हे मी मुद्दाम सांगतो. आज आपल्या वर्गातही डेबूजी बसलेले आहेत. रात्री घरात आरडाओरडा ऐकून, आईला मार बसताना बघून ते सकाळी दप्तर घेऊन येतात आणि मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी अंगावर धावून जातात. त्या पोराला छडी मारली तर घरातलाच धडा शाळेत गिरवला जातो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहे. त्याला बाजूला घेऊन 'काय झालं रे काल?' असं विचारणारे एखादे सर, एखाद्या मॅडम हव्यात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर हवा.

हे फक्त शिक्षकांवर टाकून चालणार नाही. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती द्यायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बापासाठी खर्रा आणायला आलेलं पोर रिकाम्या हाताने परत पाठवणं हे ठेलेवाल्याचं काम आहे, आणि त्याला तिथे न पाठवणं हे बापाचं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी दोन ठराव मांडावेत: फाटकापासून शंभर यार्ड मोजून पिवळी रेघ आखायची, आणि वेळापत्रकात आठवड्याला एक तास या बोलण्यासाठी ठेवायचा. शिक्षक असोत की पालक, त्या बैठकीला येताना खिशात पुडी नको.