‘वेडनेसडे’ म्हणणाऱ्याला हसण्याआधी

“हे दहा इंग्रजी शब्द तुम्ही आजवर चुकीचे उच्चारत होता” अशा रील्सचा सध्या सुळसुळाट झालाय. वेडनेसडे नाही, वेन्झडे. रिसिप्ट नाही, रिसीट. साल्मन नाही, सॅमन. आणि शेवटी एक छद्मी हसू. उच्चार शिकवायला कुणाचीच हरकत नाही. पण मित्रांनो, हे हसू उच्चाराला असतं की उच्चारणाऱ्याला? दक्षिण मुंबईतल्या कुणाचा फ्रेंच पदार्थाच्या नावात गोंधळ झाला तर ते ‘क्यूट’ ठरतं. झेडपीच्या शाळेतून आलेली मुलगी तोंडी परीक्षेत ‘डेव्हलपमेंट’ शब्दाचा जोर चुकीच्या जागी देते, तेव्हा मात्र तिची शाळा, तिचं गाव आणि तिचा ‘कोटा’ सगळंच काढलं जातं.

या शुद्धतेचा इतिहास जरा तपासू. कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘डेट’. तो फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या विद्वानांनी मूळ लॅटिन शब्द दाखवण्यासाठी ‘बी’ घुसडला. रिसीटमधला ‘पी’ तसाच. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आला. त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता. म्हणजे पंडितांनी घुसडलेलं अक्षर ‘स्पेलिंग’ झालं, आणि छापलेलं अक्षर प्रामाणिकपणे वाचणारा आपला पोरगा अडाणी ठरला!

आता ‘र’ घ्या. ‘कार’, ‘फोर्थ’ मधला ‘र’ इंग्लंडमधल्या उच्चभ्रू बोलीत उच्चारत नाहीत; तिथे तो ठसठशीत उच्चारला तर तुम्ही खेडवळ. न्यूयॉर्कमध्ये बरोबर उलटं. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने तिथल्या तीन दुकानांत (एक महागडं, एक मध्यम, एक स्वस्त) विक्रेत्यांना असे प्रश्न विचारले की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ हेच यावं. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात दिसलं की महागड्या दुकानात ‘र’ सर्वाधिक ऐकू येतो, स्वस्त दुकानात सर्वात कमी. एकच ध्वनी एका देशात प्रतिष्ठेचा, दुसऱ्यात गावंढळ. मग प्रतिष्ठा ध्वनीत आहे की बोलणाऱ्याच्या वर्गात?

अमेरिकेत सर्वाधिक हेटाळणी होते ती ‘आस्क’ऐवजी ‘ॲक्स’ म्हणण्याची. कारण तसं म्हणणाऱ्यांत कृष्णवर्णीय लोक जास्त. वास्तविक हा उच्चार जुन्या इंग्रजीपासूनचा आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात तो सापडतो, १५३५च्या छापील इंग्रजी बायबलमध्येही. कवीच्या तोंडी तो वारसा आणि काळ्या मुलाच्या तोंडी गुन्हा?

१९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. ते साम्य भाषेतही उतरलंय. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका शाळेत गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीमुळे त्यांच्यावर शिकण्यात कमजोर असल्याचा शिक्का बसत होता. शाळेचं नाव काय, तर मार्टिन ल्यूथर किंग! पालक कोर्टात गेले. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा की मुलांची बोली हा अडथळा नाही. शिक्षक ती समजून घेत नाहीत, तेव्हा ती अडथळा बनते. शिक्षकांना त्या बोलीचं ज्ञान देण्याची जबाबदारी शिक्षण मंडळावर टाकली गेली.

आपल्याला हा खेळ नवा नाही. ‘आनि-पानी’ म्हणणाऱ्याला वर्गात उभं करून हसणारी मानसिकताच आता इंग्रजीची छडी घेऊन उभी आहे. काल न-ण, आज व्ही आणि डब्ल्यू. गंमत म्हणजे हसणारे स्वतःही या दोन अक्षरांत फरक करत नाहीत, कारण मराठीत दोन्हींना एकच ‘व’ आहे! ‘प्रीपोन’ला हसणाऱ्यांनी ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडावा, आपल्या देशात रूढ झालेला तो शब्द तिथे आहे.

काही कार्यकर्ते यावर “मग इंग्रजीच नको” असं म्हणतात. हा शुद्ध आत्मघात आहे. सावित्रीमाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला, तो काही हौसेखातर नाही. इंग्रजी शिकाच, कसून शिका. समोरच्याला आपलं म्हणणं कळावं एवढा स्पष्ट उच्चारही कमवा. पण स्पष्ट बोलणं वेगळं आणि कुणाच्या तरी घराण्यासारखं बोलणं वेगळं. पहिलं कौशल्य आहे, दुसरी हुजरेगिरी.

सर्वात मोठं नुकसान मार्कांचं नाही, गप्प बसण्याचं आहे. उत्तर येत असूनही सेमिनारमध्ये हात वर न करणारी आपली किती मुलं तुम्हाला माहीत आहेत? हॉस्टेलमध्ये दर रविवारी तासभर फक्त इंग्रजीत बोलायचं मंडळ सुरू करा. नियम एकच, बोलताना कुणी हसायचं नाही. आणि कॉलेजकडे तोंडी परीक्षेच्या गुणांची विभागणी लेखी मागा: विषयाच्या ज्ञानाला किती, मांडणीला किती. उच्चारासाठी गुण कापले असतील तर कोणत्या नियमाने कापले, तेही त्याच अर्जात विचारा.

जय भीम!