बेंच आलं, आता अकरा महिन्यांच्या कागदाचंही बघा

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात सुरू झालं. वकिलांनी आणि कोल्हापूरकरांनी कित्येक वर्षं लढून ते आणलं. अभिमान आहेच. पण मंडळी, राजारामपुरीत किंवा मंगळवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या माणसाचा करार संपला, तर तो वाढवताना त्याला कायदा कोण सांगतं?

एजंट सांगतो! जुनी फाईल उघडायची, तारखा बदलायच्या, भाडं वाढवायचं आणि "इथं सही करा" म्हणायचं. कित्येक ठिकाणी नोटरीचा शिक्का मारला की झालं काम. अहो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

मग हे अकरा महिने आले कुठून? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायची ही जुनी युक्ती. आपल्याकडे आता नोंदणी टळतच नाही, तरी युक्ती चालूच. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं, मुद्रांक शुल्काचा दर तोच, पाव टक्का. हिशोब करा. भाडं ८,०००, डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांना शुल्क साधारण सव्वादोनशे, शहरात नोंदणी फी १,०००. तीनदा केलं तर जवळपास ३,७००. एकदम तीन वर्षांचा केला तर साधारण १,७५०. वरचा पैसा कुणासाठी? आणि दर वेळी एजंटची फी वेगळीच.

पैशापेक्षा मोठी गोष्ट कलम २४. मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं मागता येतं, आणि लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. म्हणजे "राहा हो, बघू नंतर" या तोंडी शब्दाला किंमत शून्य. डिपॉझिट कधी परत, रंगरंगोटी कुणाची, किती दिवसांची नोटीस, हे सगळं सहीआधीच ठरवायचं असतं.

काही घरमालक म्हणतील, भाडेकरूला कायदा शिकवला तर तो डोक्यावर बसेल. उलट आहे. मुदत संपल्यावर घर लवकर परत मिळायचा रस्ता याच कलमानं मालकाला दिलाय. नीट नोंदवलेला कागद दोघांनाही वाचवतो. घाबरायचं तर कच्च्या कागदाला घाबरा.

मोफत सल्ल्याची सोयही कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. महिलांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कमी उत्पन्नाची माणसं, सगळे त्यात येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फोन नंबर आहे. पण शिरोली एमआयडीसीतल्या कामगाराला किंवा विद्यापीठाजवळ खोली घेतलेल्या पोरीला हे कुणी सांगितलंय का? सोय कागदावर आणि माणूस एजंटच्या दारात, ही कसली सोय?

माझी मागणी सरळ आहे. प्राधिकरणानं आणि बार असोसिएशननं मिळून दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर आठवड्यातून एक दिवस मोफत सल्ल्याचं टेबल लावावं. एक वकील, दोन खुर्च्या, मराठीतला सोपा नमुना करार. याला कुठलं बजेट लागत नाही.

उच्च न्यायालय दारात आणणाऱ्या शहराला एक टेबल जड आहे का? तोवर एवढं करा : करार संपायच्या दोन महिने आधी १५१०० ला फोन लावा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका. भाड्यानं राहणाऱ्या आणि भाड्यानं देणाऱ्या, दोघांपर्यंत ही पोस्ट पोचवा.